शिवेअलीकडचं पहिलं घर

"अवं, एक जास्त हाय," आनसा म्हणाली.

मी चुलीपुढं बसून चहा पीत होतो. ती परसात खुराड्याचं दार उघडून रोजच्यासारखी कोंबड्या मोजून बाहेर सोडत होती. एखादी कमी भरली तर समजतं. मुंगूस नेतं, कोल्हं नेतं. जास्त कशी भरेल?

"नीट मोज की. तलंगा धरल्या असशील त्यात."

"तलंगा पल्याडच्या खुराड्यात हाईत. मला मोजाय शिकवू नगा. या हिकडं."

तलंगा, म्हणजे अंड्यावर येऊ घातलेल्या कोवळ्या कोंबड्या, ती वेगळ्याच ठेवायची. मी कप हातात घेऊनच गेलो. कोंबड्या परसभर पसरून उकरायला लागल्या होत्या. खुराड्यात मागच्या कोपऱ्यात एक तांबडी कोंबडी बसून होती. डोळे मिटलेले, पिसं फुललेली, मान एका अंगाला वळलेली. खाली हिरवट पातळ घाण पडली होती. गळ्यात हळदीत भिजवलेला दोरा होता.

आनसानं पदर तोंडाला बांधला, आत वाकली आणि दोन्ही हातांनी तिला बाहेर काढलं. कोंबडीच्या पायात सुंभाचा तुकडा लोंबत होता. तो सोडवायला तिनं पाय हातात घेतला आणि तशीच थांबली. पाय उलटा करून बघितला. मग लांब फणसाखाली नेऊन तिला डालग्याखाली झाकलं.

"कुनाची गं?"

"भटकी असंल."

"भटकीच्या गळ्यात हळदीचा दोरा असतोय व्हय?"

तिनं राखेनं हात घासले, चुन्याच्या पाण्यात बुडवले, परत घासले. आत जाऊन लुगडं बदलून आली. चहा प्यायलीच नाही.

मी शिवेकडं चालत गेलो. आमचं घर चाफेवाडीचं शेवटचं घर. घराच्या पुढं एक शेत, मग ओढा, ओढ्यापलीकडं निगडमाळ. त्या बाजूनं येणाऱ्याला गावातलं पहिलं घर आमचंच लागतं. ओढ्याच्या अलीकडच्या अंगाला, म्हणजे आमच्या हद्दीत, गाडा उभा होता. गुडघ्याएवढा लाकडी गाडा, त्यात हिरव्या बांगड्या, खण, लिंबाचा पाला, दहीभात. दहीभाताला मुंग्या लागल्या होत्या. कोंबडी बांधलेली सुंभाची दोरी तुटून पडली होती.

ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्या भागात गावात मर लागली, माणसाची, गुराची नाहीतर कोंबड्यांची, की मरगाईचा गाडा काढायचे. ज्या घरात मर पहिल्यांदा शिरली त्या घरची एक जिवंत कोंबडी गाड्याला बांधायची, वाजत गाजत शिवेपार न्यायची आणि पुढच्या गावाच्या हद्दीत सोडून मागं न बघता परत यायचं. रोगराई गाड्यात बसून जाते. मग पुढच्या गावानं तो गाडा आपल्या शिवेबाहेर ढकलायचा. त्यांनी त्यांच्या पुढच्या. असा तो कुठपर्यंत जातो, हे मी कधी कुणाला विचारलं नाही. कुणालाच ठाऊक नसावं.

आदल्या दिवशी तिन्हीसांजेला ओढ्याकडं हलगी वाजल्याचं आम्ही ऐकलं होतं. लग्नाची असेल असं मी म्हणालो होतो. त्याच वेळी आनसा कोंबड्या आत घालत होती. अंधार पडत आलेला, त्यात ही तांबडी बाकीच्यांबरोबर दारातून आत शिरली आणि आनसानं दार ओढून घेतलं.

घरी आलो आणि म्हणालो, "निगडमाळाचं काम हाय. तुझ्या म्हायेराचं गाव लई शहाणं."

"गाव काय, कुनाचं ना कुनाचं म्हायेर असतंयच," ती म्हणाली आणि खुराडं झाडायला लागली.

दुपारपर्यंत डालग्याखालची कोंबडी मेली.

मी गवंडी. आयुष्यभर लोकांची घरं बांधली. पण माझ्या कामात कुणी काढली नसेल तेवढी खोट आनसानं त्या खुराड्यात काढली. पहिल्यांदा मी चांगलं दगडमातीचं, चारी बाजूंनी बंद, खाली शेणानं सारवलेलं बांधून दिलं होतं. तिनं आत डोकं घातलं, वास घेतला आणि म्हणाली, "ह्यात तुमी ऱ्हावा."

"का? ऊब हाय."

"ऊब न्हाई, ओल हाय. कोंबडी थंडीनं मरत न्हाई, ओलीनं मरतीया. पाडा."

पाडलं. मग तिच्या सांगण्याप्रमाणं बांधलं. जमिनीपासून वर उचललेलं, उगवतीला जाळीची खिडकी, कौलाच्या खाली हातभर फट. "हवा डोक्यावरनं जाऊ दे, अंगावरनं नगं." आत बसायला बांबू, तेसुद्धा सगळे एका उंचीवर, कारण वर-खाली लावले की वरची खालचीवर घाण करते. खाली भाताचं तूस आणि राख. तूस मुठीत दाबून बघायची. गोळा झाला की सगळं काढून नवीन. पाण्याचं मातीचं भांडं रोज घासणार. परसाच्या कोपऱ्यात राखेचा खड्डा, कोंबड्यांना लोळायला, म्हणजे अंगावर उवा होत नाहीत. खायला कणी, नाचणी, भरडलेला मका, शेंगदाण्याची पेंड, शेवग्याचा पाला आणि बाजारात उरलेल्या सुकटीचा चुरा. अंड्याची टरफलं तव्यावर भाजून कुटून त्यात मिसळायची. शेजारची तानूबाई हसायची. म्हणायची, "आनसे, कोंबडीचंच कोंबडीला खाऊ घालतीस. नवऱ्याला तरी दे काय तरी." आनसा म्हणायची, "नवरा अंडी घालाय लागला की त्यालाबी देईन."

नवीन कोंबडी आली, मग ती कुणी दिलेली असो, की दोन आठवडे फणसाखाली डालग्यात. तिचं भांडं वेगळं, दाणा वेगळा, तिच्याकडं जायचं तर आपल्या कोंबड्यांचं सगळं आटोपल्यावर. पिलांच्या डोळ्यांत औषधाचा थेंब टाकायला ती जनावरांच्या दवाखान्यातून बर्फाच्या थर्मासात बाटली घेऊन यायची, एस.टी.त मांडीवर धरून. पिलं जरा मोठी झाली की त्यांना खूण करायची. सगळ्या गावाच्या कोंबड्या एकदा तरी साफ झाल्या, आमच्या कधी झाल्या नाहीत.

आम्हाला मूल नव्हतं. बारशाला, डोहाळजेवणाला आनसाला कुणी बोलवत नसे. बोलावलं तरी मागं बसवत. पण खुडूक कोंबडीखाली घालायला अंडी पाहिजेत म्हटलं की त्याच बाया आमच्या दारात यायच्या. आनसाच्या घरचं अंडं वाया जात नाही म्हणायच्या. तेवढीच तिची गावात जागा होती. आणि माहेरात एक भाऊ. केरबा. तिच्यापेक्षा बराच लहान, आई गेल्यावर तिनंच कडेवर वाढवलेला. त्याला त्या वर्षी चैत्रात पोरगा झाला. तेव्हा आनसानं खुराड्यातली सगळ्यात चांगली अंड्यावरची कोंबडी पाटीत घालून निगडमाळापर्यंत डोक्यावरून नेली होती. बाळंतिणीला, शेवंताला, रोज अंडं पाहिजे म्हणून.

मर लागायला फार वेळ गेला नाही. आधी एक काळी कोंबडी दाण्याला आली नाही. मग दोन. तोंड उघडून श्वास घ्यायच्या, घशात घरघर व्हायची, मग मान मुरगळून पाठीवर जायची आणि पाय ओढत एका जागी गोल गोल फिरायच्या. आम्ही त्याला मानमोडी म्हणतो. मोठ्या कोंबड्यांच्या पंखात सुई द्यायची वेळ आली होती, पण दवाखान्यात लस आली नव्हती. पुढच्या आठवड्यात या, म्हणाले होते. तलंगांना तेवढा थेंब दिलेला होता. त्या घराच्या पलीकडच्या अंगाला दुसऱ्या खुराड्यात होत्या. आनसानं त्यांच्याकडं जायचंच बंद केलं. दाणापाणी मला करायला लावलं. मी हातपाय धुऊन, वहाणा बदलून गेलो का, हे ती उंबऱ्यात उभी राहून बघायची.

मेलेल्या कोंबड्या मी खोल खड्डा काढून चुना टाकून पुरत होतो. तिसऱ्या की चौथ्या दिवशी मी खड्ड्यावर माती ओढत असताना केरबा आला. त्याची सायकल पडवीला टेकवलेली दिसली. मी हात धुऊन आलो तेव्हा तो आनसापुढं बसला होता.

"रामराम दाजी."

"या पावणं. आमच्याकडं बघाय आला व्हय?"

"व्हय. आमच्याकडंबी पार धुऊन गेलं की. घरोघरी."

आनसा चुलीवर चहा ठेवत होती. पाठमोरीच म्हणाली, "गाडा काढला म्हनं तुमी."

"गावानं काढला. माझ्या एकट्याच्या हातात काय हाय आक्का?"

"मर पयल्यांदा कुनाच्यात शिरली?"

केरबानं कपाळ खाजवलं. "वरच्या आळीत. कुनाच्यात तरी."

"मग कोंबडी त्येंचीच गेली असंल गाड्यावर."

"त्येंचीच की. दुसऱ्या कुनाची जाईल?"

आनसानं कपात चहा गाळला. साखर घालताना तिचा चमचा डब्यात दोनदा आपटला, एवढंच. कप त्याच्यापुढं ठेवला. पोरगं कसं आहे विचारलं. दूध पितंय का, मान धरली का. केरबा खुलला. पोराचं सांगायला लागला. निघताना उभा राहून, सायकलच्या दांडीवर हात ठेवून म्हणाला, "आक्का, तुझ्या तलंगा जित्त्या हाईत म्हनं. दोन देतीस काय? शेवंताला अंडं मिळंना झालंय."

मी आनसाकडं बघितलं. मला वाटलं आता ही उठून आत जाईल आणि दोन तलंगा घेऊन येईल. त्याला तिनं आजवर कधी नाही म्हटलं नव्हतं.

"आत्ता नगं," ती म्हणाली. "रोग हटला की ये."

तो गेला. ती पडवीतच बसली. मी म्हणालो, "तोंडावर तरी सांगायचंस की तुझ्या गावानं माझ्या अंगनात घान टाकली म्हनून."

"त्येला सांगून काय व्हनार," ती म्हणाली.

आमच्या खुराड्यातली शेवटची मोठी कोंबडी मेली तोवर तानूबाईच्या दोन झुलायला लागल्या होत्या. गावात बोलणं सुरू झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी गुंडू गुरव आला. मरगाईचं सगळं तोच बघायचा. बरोबर चार-सहा माणसं, मागं तानूबाई आणि दोन-तीन बाया. निगडमाळानं सोडलेला तोच गाडा त्यांनी ओढत आणला होता. नवीन खण, नवीन बांगड्या.

"आनसाबाई," गुंडू म्हणाला, "आईचं काम हाय. तुमच्यात मर पयल्यांदा शिरली. कोंबडी तुमची लागती."

"माझ्या सगळ्या मेल्या, आन्ना. दिसतंय की."

"सगळ्या कुठं? पल्याड तलंगा हाईत न्हवं? आत्ताबी वरडाय लागल्यात."

"त्या निरोगी हाईत. त्येंना औशद दिलंय."

"मग तर बेसच. आईला निरोगीच आवडतंय."

कुणीतरी हसलं. आनसा हसली नाही. पडवीच्या पायरीवर उभी राहून म्हणाली, "आन्ना, निरोगी दिसती म्हनून रोग नेत न्हाई असं न्हाई. आठ दिस ह्या अंगनात हाय ती. पिसाला, पायाला लागून जातंय. मी सांगते ऐका. गाडा नगा धाडू. ज्येच्या मेल्या त्यानं खड्ड्यात पुरा, खुराडं जाळा, चुना मारा. महिनाभर नवी कोंबडी आनू नगा. आपुआप बसतंय."

"तू डाक्टर कधी झालीस गं?" तानूबाई म्हणाली. "एवढं कळतं तर तुझ्या का मेल्या?"

"बाहेरची आत शिरली म्हनून मेल्या, तानाक्का."

"आमी काय बाहेरचं हाय? आमच्याबी मराय लागल्यात. तुझ्या दोन तलंगांसाठी गावाच्या मारायच्या व्हय? तुझ्या पोटी न्हाई, आमच्या पोरांच्या ताटात तरी राहू दे काय तरी."

ते बोलणं कुठं लागतं ते तानूबाईला ठाऊक होतं. मी पुढं झालो, पण आनसानं हात आडवा धरला.

"आन्ना," ती म्हणाली, "गाडा कुठं जानार?"

"कुठं म्हंजे? गावाच्या दुसऱ्या अंगाला, खिंडीपल्याड."

"खिंडीपल्याड पयलं घर कुनाचं?"

गुंडूनं मागच्यांकडं बघितलं. "धनगराचं हाय एक. म्हातारी ऱ्हाती. तुला काय करायचं?"

"तिच्याकडं कोंबड्या हाईत. लाकडाला जाताना बघितल्यात म्या. दगडाच्या आडोशाला बांधलंय खुराडं."

"असतील. मग?"

"मग काय न्हाई. ओढ्याकडनं आल्यावर माझं घर पयलं. खिंडीतनं गेल्यावर तिचं पयलं. पयल्या घरात कुनी तरी असतंयच."

"आगं, पर तिनं पुढं ढकलावं की. आपन काय तिला धरून ठेवलंय?" मागून कुणीतरी म्हणालं.

गुंडूचा आवाज चढला. "आनसाबाई, आईफुडं वाद घालू नये. जिच्या घरात शिरलं तिनं दिलं न्हाई तर आई घर धरून बसती. मग आमाला बोलायचं न्हाई. म्हादू, आन जा रे एक."

म्हादू म्हणजे त्याचा पुतण्या. तो घराला वळसा घालून तलंगांच्या खुराड्याकडं निघाला.

"थांब," आनसा म्हणाली. "तुला टोचतील. म्या देते."

ती खुराड्याकडं गेली. आम्ही सगळे पडवीपुढं उभे. तलंगांचा आवाज आला, पंख फडफडले. मग एकेक आवाज कमी होत गेला. मला समजायला उशीर झाला. मी धावलो तेव्हा ती गुडघ्यावर बसून शेवटची हातात धरून होती. एक हात पायाला, एक मानेला. तिनं मान ओढून पिळली. ते तिनं माझ्याकडं बघत केलं. माझ्यासाठी सणाला कोंबडी कापायची तर ती शेजारच्याला बोलवायची, स्वतःच्या हातानं कधी मारत नसे.

पदरात सगळ्या तलंगा घेऊन ती पुढं आली आणि गाड्यापुढं अंगणात ओतल्या. एकीचा पाय अजून हलत होता.

"घ्या," ती म्हणाली. "ह्यातली कुठली चालंल ती बांधा."

तानूबाईनं दोन्ही हात गालावर मारून घेतले. गुंडू गाड्याला हात जोडत म्हणाला, "आईच्या तोंडातलं काढून मोडलंस. आनसाबाई, हे तू लई वंगाळ केलंस. हे फिटायचं न्हाई."

"न्हाई फिटलं तर न्हाई," ती म्हणाली. "जावा आता."

ते गेले. पण गाडा थांबला नाही. दुपारी हलगी वाजली. तानूबाईच्या दारातली एक कोंबडी बांधून गाडा खिंडीपलीकडं नेला. मी ते आनसाला सांगायचं नाही असं ठरवलं होतं, पण हलगी तिनंही ऐकलीच होती. खिंडीपल्याडच्या म्हातारीच्या कोंबड्यांचं काय झालं ते पुढं कळलं. एकही राहिली नाही.

सांजच्याला आम्ही दोघांनी तलंगा पुरल्या. मी फावडं ठेवलं तेव्हा आनसा खड्ड्याच्या कडेला बसली होती.

"तुमाला एक सांगायचं हाय," ती म्हणाली. "पर म्या जित्ती हाय तवर कुनाला बोलायचं न्हाई. माझ्या गळ्याला हात लावा."

मी हात लावला.

"ती तांबडी आपलीच हुती."

"कुठली?"

"पयल्या दिवशीची. गाड्यावरची. माझ्या कोंबड्यांच्या डाव्या पायाच्या मधल्या बोटाचं नख म्या तोडते, तुमाला ठावं हाय. तिचं तोडलेलं हुतं. चैत्रात केरबाला दिली ती."

मला पहिल्यांदा काही समजलंच नाही. मग समजलं.

"म्हंजे केरबाच्यातच पयल्यांदा मर शिरली?"

"व्हय. गावानं त्येच्या दारात येऊन कोंबडी मागितली असनार. जशी आज माझ्या दारात मागितली."

"आन् त्येनं दिली. तुझीच दिली. आपल्या शिवेवर आनून सोडली. आपलं घर पयलं लागतंय हे त्येला ठावं न्हाई?"

"घाबरला असंल. त्येला न्हाई म्हनता आलं नसंल. लहानपनापासनं तो तसलाच हाय."

"आन् परवा तुझ्यासमोर बसून चहा प्याला. तलंगा मागत हुता."

"बायकोला अंडं पायजे म्हनून मागितल्या." मग ती जरा थांबून म्हणाली, "ती कोंबडी दोरी तोडून कुनाच्याबी घरात गेली असती. पर ती हितंच आली. तिला आपलं खुराडं ठावं हुतं. बांबूवर तिची जागा कुठली तेबी ठावं हुतं. अंधारात सरळ आत शिरली बिचारी. आन् म्या दार लावलं."

तिला रडताना मी फार वेळा बघितलेलं नाही. त्या दिवशी बघितलं. मी म्हणालो, उद्या निगडमाळाला जातो आणि त्याचं मुंडकं पिरगाळतो. ती म्हणाली, "गावाला कळलं तर चाफेवाडीचे लोक त्येला ओढ्यावर गाठून मारतील. मला एकच भाऊ हाय. तुमी हात लावलाय माझ्या गळ्याला."

त्यानंतर आनसानं कोंबडी पाळली नाही. खुराडं जाळायचं म्हणाली, पण मी बांधलेलं दगडाचं, जळतंय कशाला. मी चुना मारला आणि तसंच राहू दिलं. गावातल्या बाया अंड्यासाठी यायच्या बंद झाल्या. मरगाईचं मोडलेलं घर म्हणून बायका वाट बदलून जायच्या. आनसा बाजाराला जाताना कुणी एस.टी.त शेजारी बसायचं नाही. केरबाकडं ती जातच राहिली. पोराच्या जावळाला, लग्नाला, त्याच्या घरभरणीला. मी गेलो नाही. "तुमाला काम हुतं म्हनून सांगते," ती म्हणायची.

गेल्या मार्गशीर्षात तिच्या पोटात गाठ निघाली. कोल्हापूरच्या दवाखान्यात तीन वेळा नेलं. तिसऱ्या वेळी घरी घेऊन जा म्हणाले. माघात गेली.

केरबा आला. आता त्याचे केस पांढरे झालेत. सवाष्ण गेली म्हणून माहेरची साडी घेऊन आला होता. हिरवी, काठाची, पातळ चकचकीत. बायकांनी तिला न्हाऊ घालून तीच नेसवली. ओटी भरली, कुंकू लावलं. मी अडवलं नाही. ती बोलली असती तर तिनं तीच नेसवायला सांगितलं असतं.

स्मशानात लाकडं रचेपर्यंत माणसं बाभळीखाली बसली होती. गुंडू गुरव कधीच गेला, पण म्हादू होता. तो विडी ओढत म्हणाला, "पोटालाच धरलं आईनं. तलंगांच्या माना मोडल्या हुत्या न्हवं."

मी केरबाकडं बघितलं. मला वाटलं, निदान हा तरी काही म्हणेल. केरबानं मान हलवली.

"आक्काचं चुकलंच तवा," तो म्हणाला. "आईच्या वाट्याचं मोडायचं नसतं. म्या तर तिला कधी बोललो न्हाई, पर चुकलंच."

मी उठलो आणि त्याच्या शेजारी जाऊन बसलो. ती जिवंत होती तोवर माझं तोंड बांधलेलं होतं. आता ती त्या लाकडांशेजारी हिरव्या साडीत निजलेली होती.

"केरबा," मी म्हणालो, "त्या तांबडीच्या डाव्या पायाला मधलं नख नव्हतं."

त्याला लगेच समजलं. तेच मला जास्त लागलं. कुठली तांबडी, असं त्यानं विचारलं नाही. म्हादूच्या तोंडातली विडी तशीच राहिली.

"आक्काला ठावं हुतं?" केरबा हळूच म्हणाला.

"पयल्या दिवसापासनं. तू चहा प्यालास तवाबी."

तो मातीत बोट फिरवत बसला. मग म्हणाला, "गाव दारात येऊन बसलं हुतं, दाजी. एक द्यायलाच लागनार हुती."

"दारात दुसऱ्या नव्हत्या?"

"हुत्या चार."

"मग?"

"त्या शेवंताच्या म्हायेरच्या हुत्या," तो म्हणाला. "ती देईना."

तेवढ्यात मला हाक आली. मी उठून गेलो, तिला उचलून लाकडांवर ठेवायला हात लावला, अग्नी दिला. लाकडं ओली होती, धरायला वेळ लागला. साडी आधी पेटली.